प्रवास-डायरी : हिंगणघाट ते कन्याकुमारी
(इयत्ता सातवी-आठवीसाठी पूरक पाठ : दैनंदिनी लेखन व भूगोल)



'दैनंदिनी लिहा' असा प्रश्न आला की तुमच्यापैकी बहुतेक जण काय लिहितात, ते मला पाठ झालंय. "सकाळी सहाला उठलो. दात घासले. नाश्ता केला. शाळेत गेलो. रात्री झोपलो." चुकीचं काही नाही यात. पण ही डायरी कुणाचीही असू शकते. तुमची डायरी तुमचीच वाटली पाहिजे. त्यात तुम्ही पाहिलेलं, मोजलेलं, विचारलेलं आणि चुकलेलं काहीतरी हवं.

म्हणून आज नमुना म्हणून माझीच डायरी तुमच्यापुढे ठेवते. त्यात माझी एक चूकही आहे. ती झाकून ठेवावी असं एकदा वाटलं होतं. मग वाटलं, मुलांच्या चुका आपण लाल पेनने गोल करतो, तर आपली चूकही दिसायला काय हरकत आहे?

आधी थोडं माझ्याबद्दल

मी वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एकोणीस वर्षं झाली. शिक्षकाचं आयुष्य बाहेरून फार सोपं दिसतं. दुपारी सुट्टी, मे महिन्यात सुट्टी, दिवाळीत सुट्टी! प्रत्यक्षात परिपाठापासून पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत, निवडणुकीच्या कामापासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत दिवस कुठे जातो ते कळत नाही. या धबडग्यात एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. भारताचा नकाशा मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकत होते, पण नागपूर, पुणे आणि शेगाव सोडलं तर मी फारसं काही पाहिलेलं नव्हतं.

आमच्या गावाजवळून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. श्रीनगर ते कन्याकुमारी. आमच्याकडच्या भागाला जुने लोक अजून 'सात नंबरचा रोड' म्हणतात, कारण क्रमांक बदलण्यापूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग ७ होता.

आता माझी चूक. पहिल्या चाचणीत मी प्रश्न घातला होता : 'काळी मृदा व तांबडी मृदा यांतील फरक लिहा. (४ गुण)'. एका मुलाने उत्तर लिहिलं :

"आमच्याकडची माती काळी आहे. निर्मलच्या पुढे गेलं की लाल होते. आरमूरजवळ मोठे मोठे गोल गोटे आहेत, एकावर एक ठेवल्यासारखे. बाबा सांगतात."

त्याचे वडील ट्रक चालवतात. हिंगणघाटच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरून तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांना पोचवतात. मी उत्तरावर काट मारली, शून्य दिलं आणि बाजूला लिहिलं, 'पुस्तकातील उत्तर लिही.'

पेपर हातात पडल्यावर तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही गेल्या हाय का तिकडं?"

मी म्हणाले, "नाही."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. तो "बरं" मला दिवाळीपर्यंत पुरला. भाऊबीज झाली, घरची जुनी गाडी गॅरेजमधून नीट करून आणली आणि मी, माझे मिस्टर आणि मुलगी असे तिघं निघालो. सामानात शाळेची एक मीटरपट्टीही घेतली. ती कशासाठी, ते पुढे येईलच.

दिवस पहिला, ४ नोव्हेंबर : हिंगणघाट ते हैदराबाद

पहाटे पाचला निघालो. निघण्यापूर्वी गावातच एक आठवण काढली. भारताची मोजणी ज्याने सुरू केली तो विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर इथेच आहे. १८०२ मध्ये त्याने मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची एक सरळ रेषा साखळीने मोजली. तिच्यावर त्रिकोण रचला, त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, त्यावर तिसरा. एक बाजू आणि कोन माहीत असले की बाकीच्या बाजू गणिताने काढता येतात, हे तुम्ही पुढच्या वर्गांत शिकाल. कोन मोजायचं त्याचं यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आपटलं, आणि त्याने ते स्वतः दुरुस्त केलं. कन्याकुमारीकडून उत्तरेकडे त्रिकोण जोडत जोडत हा माणूस आमच्या गावापर्यंत आला आणि इथेच संपला. आम्ही आता तोच देश उलटा उतरणार होतो.

वर्धा नदी ओलांडली, पांढरकवडा गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, शेतात वेचणीच्या बाया. पैनगंगा ओलांडली आणि महाराष्ट्र संपला. पाट्यांवर गोल गोल तेलुगू अक्षरं सुरू झाली. आदिलाबादपर्यंत तरी माती आपलीच वाटत होती. मग घाट उतरून निर्मल आलं. सोनजवळ गोदावरी लागली. त्र्यंबकेश्वरची गोदावरी इथे केवढी रुंद!

आणि मग आरमूर. मी मिस्टरांना म्हटलं, "गाडी बाजूला घ्या."

टेकडीभर गोटे. हत्तीएवढे, घराएवढे, गुळगुळीत, एकावर एक ठेवल्यासारखे. माती काळी राहिली नव्हती. कुठे तांबूस, कुठे चक्क विटकरी. जमिनीवर रेघ मारलेली नसते, रंग हळूहळू उतरत जातो. पण मुलाने लिहिलेलं शब्द न् शब्द खरं होतं.

*(टीप : असं का? आपल्याकडची जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झालेल्या बेसॉल्ट खडकाची आहे. तो झिजून काळी, ओल धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी माती होते. दक्षिणेकडे हा बेसॉल्टचा थर संपतो आणि त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइट व नीस खडक उघडे पडतात. त्यांच्यापासून होणाऱ्या मातीत लोहाचे ऑक्साइड असल्याने ती तांबडी दिसते. ग्रॅनाइटला भेगा पडतात, भेगांच्या कडा झिजतात आणि गोल गोटे उरतात.)*

एक मुठीएवढी तांबडी माती पिशवीत घेतली.

दिवस दुसरा, ५ नोव्हेंबर : हैदराबाद ते अनंतपूर

आज दिवस नद्यांचा. बीचुपल्लीला कृष्णा. महाबळेश्वरच्या देवळातून निघालेली ती हीच. पुढे कर्नूलला तुंगभद्रा. पूल ओलांडला की तेलंगण संपून आंध्र प्रदेश सुरू होतो. संध्याकाळी पामिडीजवळ पेन्ना. तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती.

मुलीने पहिल्या दिवसापासून एक काम घेतलंय. नदी आली की नाव लिहायचं आणि पाणी कोणत्या हाताला वाहतंय ते लिहायचं. आम्ही दक्षिणेकडे चाललोय. तिच्या वहीत आतापर्यंत : गोदावरी डावीकडे, कृष्णा डावीकडे, तुंगभद्रा डावीकडे, पेन्ना डावीकडे. तिने विचारलं, "आई, एक तरी उजवीकडे जाईल का?"

मी हे 'दख्खनचे पठार पूर्वेकडे उतरते आहे' या एका वाक्यात किती वेळा शिकवलं असेल! पश्चिम घाट अरबी समुद्राच्या इतका जवळ असूनही तिथे उगम पावणाऱ्या यांतल्या मोठ्या नद्या समुद्राकडे पाठ फिरवतात आणि अख्खा द्वीपकल्प ओलांडून पूर्वेला जातात. गाडीच्या काचेतून ते वाक्य चार वेळा डावीकडे वाहताना पाहिलं.

वाटेत गुत्तीचा किल्ला दिसला. मुरारराव घोरपड्यांचा हा किल्ला. १७७६ मध्ये हैदर अलीने तो घेतला. मराठी माणसं या रस्त्यावर आमच्या आधी फार पूर्वी येऊन गेली होती.

दिवस तिसरा, ६ नोव्हेंबर : अनंतपूर ते सेलम

आज चांगलं काही लिहिण्यासारखं नाही. बंगळूरच्या वाहतुकीत तीन तास गेले. मुलीला उलटी झाली. मिस्टर आणि मी रस्त्यावरून भांडलो. मी नकाशा शिकवते आणि वळण मीच चुकवलं! 

एकाच दिवशी तीन लिप्या पाहिल्या : तेलुगू, कन्नड, तमिळ. तेलुगू आणि कन्नड बहिणी वाटतात. दोघींची आई एकच जुनी लिपी आहे. तमिळ मात्र पूर्ण वेगळी वाटली, अक्षरं कोनदार. एका ढाब्यावर पाटी वाचता येईना, तेव्हा मला पहिलीतल्या मुलांची आठवण झाली. अक्षरं समोर आहेत, सगळ्यांना कळतायत आणि आपल्याला कळत नाहीत. हे किती एकटं वाटतं, ते मी विसरले होते.

दिवस चौथा, ७ नोव्हेंबर : सेलम ते मदुराई

सकाळपासून पाऊस. आमच्याकडे कापूस वेचणीला आलाय आणि इथे धो धो पाऊस! छत्र्या घरी ठेवून आलो होतो. वर्गात मी दरवर्षी सांगते की जूनचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा तमिळनाडू पर्जन्यछायेत असतो. तो पाऊस परतला की वारे ईशान्येकडून वाहू लागतात, बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेतात आणि इथे पडतात. शिकवणारी मी आणि छत्री न आणणारीही मीच.

सेलम म्हणजे साबुदाण्याचं घर. आपली उपवासाची खिचडी इथून येते. टॅपिओकाच्या कंदाचं साल काढतात, तो किसतात, पाण्यात कालवून पांढरा सत्त्वांश तळाशी बसू देतात, त्याच्या बारीक गोळ्या करतात, भाजतात, वाळवतात. आणि हे झुडूप मुळात दक्षिण अमेरिकेतलं! एकादशीच्या ताटाचा भूगोल कुठून कुठे जातो, बघा.

नामक्कल आलं. इथे ट्रकची बांधणी होते आणि अंड्यांचा मोठा व्यापार आहे. कावेरी ओलांडली. (डावीकडे!) दिंडुक्कलच्या अलीकडे चहाला थांबलो तर शेजारी एम.एच. पासिंगचा ट्रक. ड्रायव्हर आमच्याच भागातला निघाला. ताडपत्रीखाली रुईच्या गाठी. आमच्या मुलाचे वडील नव्हते ते, पण त्यांना ओळखत होते. म्हणाले, "ताई, पावसात गाठ भिजली तं गिरणी परत करते. रातभर झोप लागत नाही. ताडपत्रीच पाहत राहा लागते."

सूतगिरणीला कापूस लागतो, एवढंच मी आजवर शिकवलं होतं. ताडपत्रीकडे बघत जागणारा माणूस त्या धड्यात कुठेच नव्हता.

दिवस पाचवा, ८ नोव्हेंबर : मदुराई ते कन्याकुमारी

पहाटे चारला निघालो, कारण आज बाराच्या आत पोचायचंच होतं. मदुराईत वैगई ओलांडली. याच मदुराईत २२ सप्टेंबर १९२१ रोजी गांधीजींनी सदरा-टोपी सोडून पंचा स्वीकारला. पुढे विरुधुनगर. के. कामराज यांचं गाव. लहानपणीच शाळा सुटलेला हा माणूस १९५४ ते १९६३ मुख्यमंत्री होता. त्याने खेडोपाडी शाळा उघडल्या आणि मुलांना दुपारचं जेवण सुरू केलं. आमच्या शाळेतल्या खिचडीच्या पातेल्याची वाट इथूनही जाते. तिरुनेलवेलीला ताम्रपर्णी लागली. मुलीची यादी संपली. एकही नदी उजवीकडे गेली नाही.

अकराला कन्याकुमारी. समोर खडकावर विवेकानंद स्मारक. १९७० साली ते पुरं झालं, लोकांच्या एकेक रुपयाच्या देणगीतूनही. ते उभारण्यासाठी झटलेले एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. शेजारच्या खडकावर तिरुवळ्ळुवर यांचा १३३ फुटी पुतळा. त्यांच्या 'तिरुक्कुरळ' ग्रंथाचे अध्यायही १३३.

पण मला घाई मीटरपट्टीची होती. आकाशात ढग. पावणेबाराला मी वरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर पट्टी उभी धरून बसले, मिस्टर ओळंबा घेऊन. फोनवर पलीकडे आमच्या शाळेचं मैदान. तिथे तोच मुलगा दुसरी मीटरपट्टी घेऊन उभा होता. निघण्यापूर्वी मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं होतं, "आठ तारखेला दुपारी बाराच्या सुमारास दर पाच मिनिटांनी सावली मोज. सगळ्यात छोटी सावली लिहून ठेव. मी तिकडून मोजते." तो काही विचारेल असं वाटलं होतं. त्याने फक्त मान हलवली.

बाराला पाच मिनिटं कमी असताना ऊन पडलं. सर्वांत छोटी सावली : ४५ सेंटिमीटर. पुन्हा ढग. फोनवर आवाज आला, "मॅडम, माही ७६ आली. तीनदा मोजली."

रात्री लॉजवर बसून गणित केलं :

१०० सेंमी उंचीला ७६ सेंमी सावली म्हणजे सूर्यकिरणाचा उभ्या पट्टीशी कोन सुमारे ३७ अंश. ४५ सेंमी सावलीचा कोन सुमारे २४ अंश. फरक १३ अंश. सूर्य एकच, दिवस एकच. मग कोनात फरक का? कारण पृथ्वी गोल आहे! नकाशाच्या प्रमाणावरून दोन गावांतलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,३८५ किमी येतं. १३ अंशांना १,३८५ किमी, तर ३६० अंशांना किती?

३६० ÷ १३ × १,३८५ = सुमारे ३८,३५० किमी.

पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा परीघ सुमारे ४०,००० किमी आहे. आम्ही १,६५० किमी चुकलो! सावली मोजताना एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला असणार. पण दोन लाकडी पट्ट्या आणि एक फोन एवढ्यावर आम्ही पृथ्वी मोजली होती. ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हीच युक्ती वापरली होती. आणि एका सेंटिमीटरने केवढा घोटाळा होतो ते पाहिल्यावर लॅम्बटन वीस वर्षं ऊन-पाऊस सोसत एकेक कोन पुन्हा पुन्हा का मोजत होता, तेही कळलं.

*(डायरी इथे संपते.)*

परतल्यावर

शाळा उघडली त्या दिवशी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत आमच्या मैदानातली काळी माती, दुसरीत आरमूरची तांबडी. दोन्हींत चमचाभर पाणी टाकलं. मुलं भोवती गोळा झाली. तो मुलगा मागेच उभा होता.

मी त्याचा पेपर काढला, शून्यावर काट मारली आणि तारीख टाकून खाली सही केली. चारपैकी तीन गुण लिहिले. सगळ्यांसमोर म्हणाले, "याचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती. मी न पाहता काट मारली."

वर्गात शांतता. मग त्याचा प्रश्न आला, "मॅडम, एक कायले कापला?"

"माती लाल का होते, ते तू लिहिलं नाहीस. तुझ्या बाबांनी 'काय' सांगितलं. 'का' ते आपण शोधायचं."

त्याने थोडा विचार केला. "बरं," म्हणाला. पण या वेळचा 'बरं' वेगळा होता. संध्याकाळी वडिलांना फोनवर लोहाचे ऑक्साइड समजावून सांगत होता, असं त्याच्या आईने मला बाजारात सांगितलं.

डायरी लिहिताना लक्षात ठेवा

१. तारीख, वार, ठिकाण आधी लिहा.
२. त्याच दिवशी लिहा. चार दिवसांनी आठवून लिहिलेल्यात रंग उडालेला असतो.
३. 'खूप सुंदर', 'फार मजा आली' असं लिहिण्याऐवजी काय दिसलं ते लिहा. 'मोठे दगड' यापेक्षा 'हत्तीएवढे गोटे' वाचणाऱ्याला दिसतात.
४. एक तरी गोष्ट मोजा : अंतर, वेळ, सावली, किंमत.
५. वाईट दिवसही लिहा. माझा तिसरा दिवस पुन्हा वाचा.
६. भेटलेल्या माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहा. त्याची बोली 'शुद्ध' करू नका.
७. प्रवासवर्णन नंतर, वाचकासाठी लिहितात. डायरी आधी स्वतःसाठी असते, म्हणून तिच्यात खरं बोलायला सोपं जातं.

स्वाध्याय

प्र. १. कारणे लिहा.
(अ) या प्रवासात लेखिकेला एकही नदी उजवीकडे वाहताना दिसली नाही.
(आ) दिवाळीच्या सुमारास तमिळनाडूत पाऊस पडतो.
(इ) एकाच दिवशी दोन गावांतल्या सावल्यांची लांबी वेगळी आली.

प्र. २. भारताच्या नकाशात महामार्ग ४४ चा हिंगणघाट ते कन्याकुमारी भाग दाखवा आणि त्यावर लागणाऱ्या नद्यांची नावे लिहा. (लक्षात ठेवा : कन्याकुमारी हे भारताच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक आहे. संपूर्ण भारताचे दक्षिण टोक इंदिरा पॉइंट.)

प्र. ३. स्वमत : शिक्षिकेने तीनच गुण दिले. तुम्ही किती दिले असते? का?

प्र. ४. उपक्रम : दुसऱ्या गावातल्या मित्राला किंवा नातेवाइकाला फोन करा. एकाच दिवशी दुपारी दोघांनी मीटरपट्टीची सर्वांत छोटी सावली मोजा. गाव आपल्या उत्तरेला किंवा दक्षिणेला जितकं लांब, तितका फरक जास्त दिसेल.

प्र. ५. तुमच्या घरातलं किंवा शेजारचं कोण कामासाठी दूर जातं? ऊसतोडीला, ट्रकवर, बांधकामावर, सैन्यात? त्यांनी पाहिलेली एक जागा विचारून घ्या आणि डायरीचं एक पान लिहा. पुस्तकात ते सापडलं नाही तरी लिहा. मी काट मारणार नाही.